टोकन जाळण्याचे बक्षीस कोणाच्या खिशातून येते?

टोकन जाळा आणि बक्षीस मिळवा, अशा योजना क्रिप्टोच्या बाजारात आता नेहमीच्या झाल्या आहेत. टेलिग्रामवरच्या एखाद्या समूहात घोषणा होते आणि सोबत एका संकेतस्थळाचा दुवा येतो. तिथे वॉलेट जोडायचे, आपल्याकडची काही टोकने कायमची नष्ट करायची आणि बदल्यात दुसरे टोकन, व्याजासारखा हप्ता, एखादे डिजिटल चित्र किंवा नुसता मानाचा बिल्ला घ्यायचा. कारण नेहमी एकच दिले जाते: पुरवठा घटला की उरलेल्या टोकनांचा भाव चढेल, आणि ज्यांनी जाळण्याचा त्याग केला त्यांना वर बक्षीसही मिळेल. ऐकायला दोन्ही बाजूंनी फायदा वाटतो. म्हणूनच अशा योजनेत उतरण्यापूर्वी एक प्रश्न स्वतःला विचारावा आणि त्याचे उत्तर सापडेपर्यंत बर्नच्या बटणाला हात लावू नये. हे बक्षीस नेमके कोणाच्या खिशातून येणार आहे? जाळण्याच्या क्रियेतून एक पैसाही निर्माण होत नाही. त्यामुळे बक्षिसाला बाहेरचा झरा असावाच लागतो. तो झरा कोणता हे कळले की योजनेचा खरेखोटेपणा बहुतेक वेळा तिथेच उघडा पडतो.

जाळणे म्हणजे तांत्रिकदृष्ट्या काय घडते ते आधी पाहू. ब्लॉकचेनवर टोकन जाळण्याचे दोन मार्ग आहेत. पहिल्यात टोकने अशा पत्त्यावर पाठवतात की ज्याची खासगी किल्ली कोणाकडेच नाही. इथेरियमवर यासाठी शून्यांची लांबलचक रांग आणि शेवटी ‘डेड’ अशी अक्षरे असलेला पत्ता सर्रास वापरला जातो. तिथे गेलेले टोकन दिसते, मोजता येते, पण परत काढता येत नाही. दुसऱ्या मार्गात टोकनाच्या स्मार्ट कॉन्ट्रॅक्टमध्येच बर्नची सोय असते. ती वापरली की तुमची शिल्लक आणि टोकनाचा एकूण पुरवठा, दोन्ही आकडे एकदम खाली येतात. परिणाम दोन्हींचा सारखाच. फरक हिशेबात पडतो, कारण पहिल्या प्रकारात कॉन्ट्रॅक्टमधला एकूण पुरवठ्याचा आकडा जसाच्या तसा राहतो आणि डेड पत्त्यावरची शिल्लक आपणच वजा करावी लागते.

आता या त्यागाचा फायदा कोणाला होतो, ते एका छोट्या गणिताने तपासू. समजा एका टोकनाचा एकूण पुरवठा १०० कोटी आहे आणि भाव एक रुपया. तुमच्याकडे एक लाख टोकने आहेत आणि त्यांतली १० हजार तुम्ही जाळलीत. जाळण्याच्या बाजूने सर्वांत उदार गृहीतक धरू, की बाजारातले एकूण मूल्य अजिबात न घटता १०० कोटी रुपयेच राहील. तर उरलेल्या प्रत्येक टोकनाचा भाव एक लाखांश इतका वाढेल, आणि तुमच्या ९० हजार टोकनांची किंमत एकूण ९० पैशांनी वर जाईल. तुम्ही गमावले १० हजार रुपये, मिळवले ९० पैसे. बाकीचे ९,९९९ रुपये १० पैसे इतर धारकांमध्ये वाटले गेले, आणि त्यांत सर्वांत मोठा वाटा ज्यांच्याकडे सर्वांत जास्त टोकने आहेत त्यांचा, म्हणजे बहुधा संस्थापकांचा आणि सुरुवातीच्या गुंतवणूकदारांचा. किरकोळ धारकाने जाळणे म्हणजे मोठ्या धारकाला दिलेली देणगी आहे. म्हणूनच बक्षिसाशिवाय सहसा कोणी जाळत नाही, आणि म्हणूनच बक्षिसाच्या योजना निघतात.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा की एकट्याचे सोडा, सगळ्यांनी मिळून जाळले तर भाव चढेलच की. मागणी तीच राहिली तर चढेल. पण मागणी तीच राहते असे मानायला आधार काय? एका शेतकऱ्याने आपला कांदा रस्त्यावर ओतला म्हणून लासलगावचा लिलाव वर जात नाही, आणि कांद्याला तर निदान रोजचे खाणारे असतात. बहुतेक टोकनांना खाणारेच नसतात, त्यांना फक्त पुढचा खरेदीदार हवा असतो. शिबा इनूचा इतिहास या बाबतीत फार बोलका आहे. २०२० मध्ये हे टोकन निघाले तेव्हा एकूण पुरवठा १,००० लाख कोटी होता आणि त्यातला निम्मा इथेरियमचे सहसंस्थापक विटालिक ब्युटेरिन यांच्या वॉलेटमध्ये, त्यांनी न मागता, पाठवला गेला. मे २०२१ मध्ये त्यांनी त्यातली सुमारे ५० लाख कोटी टोकने संदीप नैलवाल यांनी उभारलेल्या भारतातील कोविड मदत निधीला दिली आणि उरलेल्यांपैकी बहुतेक, ४१० लाख कोटी, डेड पत्त्यावर पाठवून टाकली. एकूण पुरवठ्याचा ४१ टक्के भाग एका झटक्यात गेला. त्यानंतरच्या दोन महिन्यांत भाव निम्म्याहून खाली घसरला. मग त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात, तसे कोणतेही मोठे दहन झालेले नसताना, तोच भाव दहा पटींहून अधिक उसळला. ब्युटेरिन ती टोकने विकणार नाहीत असे बाजाराने आधीच धरले असावे, असे कोणी म्हणू शकेल, आणि ते म्हणणे वाजवी आहे. पण त्याचा अर्थ इतकाच, की जी टोकने कधी विक्रीला येणारच नव्हती ती जाळल्याने काही बदलत नाही. स्टेलर या दुसऱ्या क्रिप्टो प्रकल्पाने नोव्हेंबर २०१९ मध्ये १०,५०० कोटींपैकी ५,५०० कोटी टोकने जाळली, तीही संस्थेच्या स्वतःच्या साठ्यातली होती. भाव थोडे दिवस चढला आणि वर्ष संपेपर्यंत आधीच्या पातळीच्याही खाली आला.

शिबाच्याच पुढच्या टप्प्यात सामान्य धारकांसाठी बक्षीस आले. एप्रिल २०२२ मध्ये एक बर्न पोर्टल सुरू झाले. तिथे शिब, म्हणजे शिबा इनूचे टोकन, जाळले की ‘बर्न्टशिब’ नावाचे टोकन मिळायचे, आणि ते हातात असलेल्यांना रयोशी नावाच्या तिसऱ्याच टोकनाच्या प्रत्येक व्यवहारातून ०.४९ टक्के हिस्सा वाटला जायचा. रचना चतुर होती यात शंका नाही. पण झरा कुठे होता ते पाहा. बक्षीस रयोशीत, म्हणजे त्याची किंमत रयोशीच्या भावावर आणि रयोशीच्या उलाढालीवर अवलंबून. लोक रयोशीची खरेदीविक्री करत राहिले तरच हिस्सा येणार, आणि बक्षीस मिळालेले लोक ते विकू लागले की भाव पडणार. शिवाय जळणाऱ्या शिबांचे प्रमाण लक्षात घ्या. समजा रोज २,००० कोटी शिब जळत राहिले. आकडा प्रचंड वाटतो, पण उरलेल्या सुमारे ५८९ लाख कोटींच्या पुढे तो इतका किरकोळ आहे की त्या गतीने निम्मा पुरवठा संपायला ४० वर्षे लागतील. २०२२ अखेरीस शिबाचा भाव पोर्टल सुरू झाले तेव्हाच्या जवळपास एक तृतीयांशावर आला. त्या काळात सगळाच बाजार कोसळला होता आणि बिटकॉइनही निम्म्याहून खाली गेला होता, हे मान्य करायला हवे. दहनाने शिबा बुडाला असा निष्कर्ष यातून काढता येत नाही. दहनाने तो तरला नाही, एवढे मात्र निश्चित म्हणता येते.

नवे टोकन छापून बक्षीस देणे हा झऱ्यांतला पहिला, सर्वांत सोपा आणि सर्वांत धोक्याचा प्रकार. जाळलेले टोकन एका बाजूने कमी होते आणि बक्षिसाचे टोकन दुसऱ्या बाजूने वाढते. जाळणाऱ्याच्या हातात जे येते ते पुढच्या माणसाने विकत घेतले तरच पैसा. सर्वांत आधी जाळून बक्षीस ताबडतोब विकणाऱ्यांना कधीकधी खरोखर नफा होतो, हे खोटे नाही. तो नफा त्यांच्यानंतर आलेल्यांच्या खिशातून जातो, एवढेच. टेरा या ब्लॉकचेनच्या कोसळण्यात ही यंत्रणा सर्वांत मोठ्या प्रमाणावर दिसली. तिथे यूएसटी नावाचे एक डॉलर किमतीचे म्हणवले जाणारे टोकन होते. ते जाळले की एक डॉलर किमतीचे लुना हे दुसरे टोकन नव्याने छापून मिळायचे, आणि उलटही करता यायचे. शांत काळात हे बक्षीस भाव स्थिर ठेवायचे. मे २०२२ मध्ये यूएसटीवरचा विश्वास उडाला, लोक धडाधड यूएसटी जाळून लुना घेऊ लागले, लुनाचा भाव पडला, त्यामुळे एका डॉलरसाठी आणखी जास्त लुना छापावे लागले. सुमारे ३५ कोटी असलेला लुनाचा पुरवठा आठवड्याभरात साडेसहा लाख कोटींवर गेला आणि भाव सेंटच्या क्षुल्लक अंशावर आला. प्रत्येक जाळणाऱ्याला ठरलेले बक्षीस नियमाप्रमाणे मिळत होते, आणि त्या बक्षिसानेच लुनाची किंमत शून्यावर नेली.

महाराष्ट्रातल्या वाचकाला या आकृतीची ओळख वेगळ्या वाटेने आधीच झालेली आहे. पुण्यात २०१८ मध्ये ज्याचा तपास गाजला त्या गेनबिटकॉइन प्रकरणात गुंतवणूकदारांकडून बिटकॉइन घेऊन दरमहा १० टक्के दराने १८ महिने परतावा देण्याचे आमिष दाखवल्याचा, आणि पुढे बिटकॉइनऐवजी एमकॅप नावाचे घरचेच टोकन माथी मारल्याचा आरोप आहे. तिथे जाळण्याची भाषा नव्हती. पण बाजारात किंमत असलेली वस्तू आत घ्यायची आणि जिची किंमत घेणारा स्वतःच ठरवतो अशी वस्तू बाहेर द्यायची, ही दिशा तीच. ‘जाळा आणि घ्या’ अशा योजनेत तुमच्या हातून जाणारे टोकन सहज विकता येण्याजोगे असेल आणि मिळणारे नसेल, तर तिथेच थांबावे. आणि जाळण्यासाठी दिलेला पत्ता खरोखर कोणाचाच नाही याची खात्री पटत नसेल तर त्याला जाळणे म्हणूच नये, ते थेट देणे आहे.

इथे एक प्रामाणिक प्रतिवाद आहे आणि तो डावलून चालणार नाही. जानेवारी २०१४ मध्ये काउंटरपार्टी या प्रकल्पाने आपले एक्ससीपी टोकन वाटताना कोणाकडून पैसे घेतले नाहीत. ज्याला टोकन हवे त्याने बिटकॉइन एका किल्ली नसलेल्या पत्त्यावर पाठवून नष्ट करायचे, बदल्यात एका बिटकॉइनमागे १,००० ते १,५०० एक्ससीपी, जो लवकर येईल त्याला जास्त. एकूण २,१०० हून अधिक बिटकॉइन असे जळाले. संस्थापकांनाही टोकन हवे असेल तर त्यांनीही जाळायचे, असा नियम होता. यामागचा विचार उमदा होता: निर्मात्यांनी लोकांचा पैसा खिशात घातला नाही याचा पुरावा कोणालाही तपासता यावा. टोकनांची निष्पक्ष वाटणी करण्याची रीत म्हणून हा प्रयोग मला आजही आदर वाटावा असा वाटतो. मात्र जाळणाऱ्याच्या दृष्टीने तो एक खरेदीव्यवहारच होता, आणि ती खरेदी महाग पडली. त्या जळलेल्या बिटकॉइनची आजची किंमत सगळ्या एक्ससीपीच्या एकत्रित किमतीच्या कितीतरी पटींनी अधिक आहे. कोणी लबाडी केली नाही तरीही तोटा होऊ शकतो, कारण जाळलेली वस्तू पुढे चढण्याची संधीही तिच्यासोबत जळते. म्हणून प्रत्येक दहनाकडे विक्री म्हणून पाहावे. आज हे टोकन विकून आलेल्या रुपयांत मी बक्षिसाचे टोकन बाजारातून विकत घेतले असते का? उत्तर नाही असेल तर जाळण्यालाही नाहीच म्हणावे.

दुसरा झरा म्हणजे कमाई. एखादे एक्सचेंज किंवा प्रकल्प शुल्कातून पैसा मिळवतो, त्यातल्या काही हिश्श्याने बाजारातून आपली टोकने विकत घेतो आणि जाळतो. बीएनबी या टोकनाचा पुरवठा मूळच्या २० कोटींवरून १० कोटींवर आणण्याचे धोरण सुरुवातीला नफ्याशी जोडलेले होते. याचे समर्थन करताना शेअरच्या बायबॅकचा दाखला दिला जातो, आणि टीसीएसने २०१७ मध्ये १६ हजार कोटींचे, २०२२ मध्ये १८ हजार कोटींचे बायबॅक केल्याचे आठवत असलेल्या वाचकाला तो चटकन पटतो. दाखला अर्धाच लागू पडतो. बायबॅकमध्ये ज्याचे शेअर रद्द होतात त्याला कंपनी रोख रक्कम देते, उरलेल्या भागधारकांचा कंपनीच्या मालमत्तेवर आणि नफ्यावर कायदेशीर हक्क असतो, आणि सगळा व्यवहार सेबीच्या नियमांखाली लेखापरीक्षित आकड्यांवर चालतो. टोकनधारकाला यांपैकी बहुतेक वेळा काहीच नसते. मग कमाई असताना ती सरळ वाटून का टाकत नाहीत? एक कारण असे की थेट हिस्सा वाटला तर टोकन रोख्यासारखे दिसू लागते आणि रोख्यांचे कायदे लागू होण्याची शक्यता वाढते. दहन हा त्यातून काढलेला वळसा आहे. वळसा बेकायदेशीर असेलच असे नाही, पण त्याचा भार धारकावर पडतो, कारण त्याच्या हातात रोख न येता भाववाढीची आशा येते. एफटीएक्स हे एक्सचेंज आपल्या शुल्काच्या एक तृतीयांश रकमेतून दर आठवड्याला एफटीटी टोकने विकत घेऊन जाळत असे. नोव्हेंबर २०२२ मध्ये ते एक्सचेंज बुडाले तेव्हा २० डॉलरच्या वर असलेले एफटीटी दहा दिवसांच्या आत दोन डॉलरच्या आसपास आले. जाळण्याच्या नोंदी खऱ्या होत्या. ताळेबंद पोकळ होता, आणि त्या नोंदींत तो दिसत नव्हता.

तिसरा झरा मला सर्वांत विश्वासार्ह वाटतो: जाळल्याच्या बदल्यात एखादी सेवा किंवा वस्तू मिळणे. ऑगस्ट २०२१ मधल्या लंडन अपग्रेडपासून इथेरियमवरच्या प्रत्येक व्यवहाराच्या शुल्काचा मूळ भाग जाळला जातो. जाळणाऱ्याला वेगळे बक्षीस नाही, पण त्याचा व्यवहार ब्लॉकमध्ये नोंदला जातो आणि त्याला तेच हवे असते. हीलियमच्या जाळ्यावर डेटा पाठवायचा तर तिथले एचएनटी टोकन जाळून डेटा क्रेडिट घ्यावे लागते, एका क्रेडिटचा दर ०.००००१ डॉलर असा पक्का असतो आणि ते दुसऱ्याला विकता येत नाही. युनिस्वॅपने २०१९ मध्ये सॉक्स नावाची ५०० टोकने काढली. एक टोकन जाळले की खरोखरीच्या मोज्यांचा एक जोड घरी यायचा. या सगळ्यांत भविष्यातल्या भावाचे वचन नाही. काय मिळणार ते जाळतानाच ठाऊक आहे आणि देणाऱ्याकडे ते देण्याची क्षमता आहे. वापर घटला की दहनही घटते, हेही इथे लपत नाही. मार्च २०२४ मधल्या डेन्कुन बदलानंतर इथेरियमवरची शुल्के उतरली, जळणारे इथर कमी झाले आणि आधी आक्रसत असलेला पुरवठा पुन्हा वाढू लागला. दहनाचा आकडा हे वापराचे लक्षण आहे. लक्षणालाच बक्षीस देऊन कृत्रिमरीत्या वाढवले तर त्यातून वापराविषयी काहीच कळेनासे होते.

याच प्रकारात सोलाना या ब्लॉकचेनवरचे एक उदाहरण सामान्य वापरकर्त्याच्या थेट उपयोगाचे आहे. सोलानावर प्रत्येक वेगळ्या टोकनासाठी तुमच्या नावे एक छोटे खाते उघडले जाते आणि त्यासाठी सुमारे ०.००२ सोल, म्हणजे तिथले चलन, अनामत म्हणून अडकून पडते. निरुपयोगी टोकने आणि कोणीतरी न मागता पाठवलेली चित्रे जाळून ते खाते रिकामे केले आणि बंद केले की ती अनामत परत मिळते. एका खात्यामागे दहा-वीस रुपयांचा मामला, पण शंभर खाती साचलेल्या माणसासाठी ती रक्कम दखल घेण्याजोगी आहे. ‘जाळा आणि सोल कमवा’ अशी जाहिरात करणाऱ्या सेवा नेमके हेच करतात आणि त्यातून आपली दलाली कापतात. हे बक्षीस म्हणजे तुमचाच पैसा आहे, हे लक्षात ठेवून दलालीचा दर पाहावा आणि अनामतीपेक्षा जास्त काही देऊ करणाऱ्यापासून लांब राहावे. चांगल्या हेतूने ठेवलेला परतावा लोक कसा वाकवतात याचा अनुभव इथेरियमला आला होता. साठवण मोकळी करणाऱ्याला तिथे शुल्कात सूट मिळायची, म्हणून लोकांनी स्वस्ताईत मुद्दाम जागा अडवून ठेवणारी आणि महागाईत जाळून सूट घेणारी टोकने काढली. वनइंचचे ‘ची’ हे त्यांतले एक. लंडन अपग्रेडमध्येच ती सूट कापली गेली आणि या टोकनांचा उपयोग एका दिवसात संपला. नियम बदलणाऱ्याच्या मर्जीवर टिकलेले बक्षीस मालमत्ता म्हणून साठवू नये.

मग समूहभावनेचे काय, असे काहीजण विचारतील. आपल्या टोकनासाठी सगळ्यांनी थोडे जाळायचे, त्यात हिशेब कसला? टेराच्या पडझडीनंतर उरलेल्या लोकांनी सप्टेंबर २०२२ मध्ये प्रत्येक व्यवहारावर १.२ टक्के दहनकर लावला तो याच भावनेने. व्यवहार रोडावले, साखळीवर काम करणाऱ्या विकसकांची अडचण झाली आणि पुढच्याच महिन्यात तो कर ०.२ टक्क्यांवर आणावा लागला. त्या लुनाचा पुरवठा अजूनही पाच लाख कोटींच्या वर आहे. ज्यांनी आपले पैसे गमावले होते तीच माणसे पुन्हा पदरमोड करत होती, आणि त्यांची तळमळ खरी होती म्हणूनच हे पाहून वाईट वाटते. त्याच श्रमातून आणि पैशातून साखळीवर एखादी वापरण्याजोगी सेवा उभी राहिली असती तर निदान मागणीला काही निमित्त मिळाले असते. जी तरुण मंडळी स्वतः टोकन काढण्याच्या विचारात आहेत त्यांनी यावरून इतके तरी घ्यावे: बक्षीस द्यायचेच तर ते वापराला द्या, जाळणे त्या वापराच्या ओघात होऊ द्या, बक्षिसाचा निधी आधी बाजूला काढून सर्वांना दिसेल अशा पत्त्यावर ठेवा, त्याची कमाल मर्यादा कोडमध्येच लिहा, आणि नवी टोकने छापण्याचा अधिकार स्वतःकडे राखून दहनाची जाहिरात करू नका.

हा छापण्याचा अधिकार धारकानेही तपासावा. इथरस्कॅनसारख्या संकेतस्थळावर टोकनाचा पत्ता टाकला की त्याचे कॉन्ट्रॅक्ट उघडते. कोड पडताळलेला आहे का, त्यात मिंटची, म्हणजे नवी टोकने छापण्याची, सोय आहे का आणि ती कोणाच्या ताब्यात आहे, पहिल्या दहा धारकांकडे किती टक्के साठा आहे, डेड पत्त्यावर खरोखर किती शिल्लक आहे, हे पाहायला प्रोग्रॅमिंग यावे लागत नाही. प्रकल्पाने जाहीर केलेल्या दहनाचा व्यवहार-क्रमांक मागावा आणि ती टोकने कोणाच्या वॉलेटमधून आली ते बघावे, कारण संस्थापकांचा न विकलेला साठा जळाला की बाजारातून विकत घेतलेला, यात फार अंतर आहे. सर्वांत जास्त पैसे मात्र योजनेच्या गणितात बुडत नाहीत, सही करताना बुडतात. खोटी बर्न पोर्टले तुमच्याकडून जाळण्याची सही न घेता परवानगीची सही घेतात. वॉलेटमध्ये ‘अप्रूव्ह’, ‘सेट अप्रूव्हल फॉर ऑल’ किंवा ‘परमिट’ असे शब्द दिसले आणि रकमेच्या जागी अमर्याद लिहिलेले असेल, तर ते कॉन्ट्रॅक्ट तुमची त्या प्रकारची सगळी टोकने केव्हाही उचलू शकते. शक्य असेल तिथे जाळण्यासाठी वेगळे, जवळपास रिकामे वॉलेट वापरावे, त्यात लागतील तेवढीच टोकने घ्यावीत, आणि काम झाले की इथरस्कॅनच्या परवानगी-तपासनीसातून किंवा रिव्होक डॉट कॅशवरून दिलेली परवानगी काढून घ्यावी. इथेरियमवर कोणीतरी आपणहून पाठवलेले अनोळखी टोकन जाळायच्याही फंदात पडू नये. ते वॉलेटमध्ये लपवून ठेवण्याची सोय असते, आणि तेवढे पुरते. वाक्यरूपातली गुप्त किल्ली मागणारे कोणतेही बर्न पोर्टल चोराचेच असते, त्याला अपवाद नाही.

राहिला कर, ज्याचा विचार भारतात राहणारे बहुतेक लोक जाळून झाल्यावर करतात. २०२२ च्या वित्त कायद्याने आभासी डिजिटल मालमत्तेच्या हस्तांतरणातून होणाऱ्या उत्पन्नावर ३० टक्के कर आणि त्यावर ४ टक्के उपकर लावला. खरेदीच्या किमतीखेरीज कोणताही खर्च वजा होत नाही, त्यामुळे नेटवर्कचे शुल्क पदरचेच. जाळण्यासाठी वेगळे कलम नाही, पण हस्तांतरणाच्या व्याख्येत अदलाबदल येते आणि हक्क संपुष्टात येणेही येते. एक टोकन देऊन दुसरे घेतले तर मिळालेल्या टोकनाची त्या दिवसाची किंमत आणि जाळलेल्याची खरेदी किंमत यांतला फरक उत्पन्न मानला जाईल, असे धरून चालणे शहाणपणाचे आहे. कर रुपयांत भरायचा असतो, बक्षीस मात्र घसरणाऱ्या टोकनात मिळालेले असते, ही यातली खरी अडचण. बक्षीस पुढे मातीमोल झाले तरी तो तोटा दुसऱ्या टोकनाच्या नफ्यातून वजा करता येत नाही आणि पुढच्या वर्षी ओढताही येत नाही. एका टक्क्याची करकपात १ जुलै २०२२ पासून लागू आहे. देशी एक्सचेंजवर ती आपोआप होते, पण थेट स्मार्ट कॉन्ट्रॅक्टशी केलेल्या अदलाबदलीत ती जबाबदारी कोणाची हा प्रश्न करसल्लागारापुढे ठेवावा, तोही जाळण्याआधी. एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा प्राप्तिकर कायदा लागू झाल्याने कलमांचे क्रमांक बदलले आहेत, म्हणून जुनी माहितीपत्रके चाळताना क्रमांकांवर विसंबू नये. आणि स्वतःच्या वॉलेटमधून केलेले दहन एक्सचेंजच्या वार्षिक विवरणात दिसत नाही. व्यवहार-क्रमांक, तारीख, जाळलेल्या टोकनांची मूळ खरेदी किंमत, मिळालेल्या बक्षिसाचा त्या दिवशीचा रुपयांतला भाव आणि त्या भावाचे पडद्यावरचे चित्र, एवढे त्याच संध्याकाळी एका जागी उतरवून ठेवावे, कारण दोन वर्षांनी नोटीस आली तर ते टोकन कुठल्याही यादीत सापडेलच याची खात्री नसते.